क्लाउड बॅकअप रखडतो, रिस्टोअरला दिवस लागतात: आधी फुकटच्या तपासण्या, मग खर्चाच्या

जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यातल्या दालमिल, जिनिंग, सराफी दुकानं, पॅथॉलॉजी लॅब आणि सीएंची ऑफिसं, इथून मला क्लाउड बॅकअपची, म्हणजे डेटाची प्रत इंटरनेटवरच्या सर्व्हरवर ठेवण्याची, एकच तक्रार वर्षभर येते. ३१ मार्चच्या आसपास तर जास्तच. "भाऊ, चकरी फिरी ऱ्हायनी, पन काहीच सरकत नई," असा फोन आला की मी आधी एवढंच विचारतो: स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय? कारण लक्षण नीट सांगितलं की निम्मं काम होतं.

लक्षणं

- बॅकअपचा टक्का तासन्‌तास एकाच आकड्यावर थांबलेला.
- रोज सकाळी बघावं तर रात्रीचा बॅकअप अर्धवट तुटलेला, आणि गाडी पुन्हा पहिल्यापासून सुरू.
- दिवसभरात दहा-वीस व्हाउचर टाकली, तरी रात्री पन्नास जीबी वर चढतंय.
- बॅकअप चालू असला की सगळ्या ऑफिसचं नेट बसतं. जीएसटी पोर्टल उघडत नाही, काउंटरवर यूपीआयचं पेमेंट आल्याचं कळत नाही.
- हिरवी टिक दिसते, पण रिपोर्टमध्ये बारीक अक्षरात 'काही फाइली वगळल्या' असं लिहिलेलं.
- रिस्टोअर, म्हणजे क्लाउडवरून डेटा परत उतरवणं, जोरात सुरू होतं आणि थोड्या वेळाने वेग कोसळतो.
- रिस्टोअरचं बटण दाबून तास उलटले, तरी एकही फाइल उतरत नाही.

पहिली चार लक्षणं डेटा वर चढवण्याच्या बाजूची आहेत. शेवटची दोन डेटा खाली आणण्याच्या बाजूची. या दोन बाजूंची कारणं वेगळी असतात, म्हणून 'क्लाउड स्लो आहे' एवढ्यावर कुणीही प्लॅन बदलू नका, कंपनी बदलू नका. आणि पाचवं लक्षण, ते हिरव्या टिकचं, सगळ्यात घातक आहे. तिथे वेग चांगला असतो, सगळे निर्धास्त असतात, आणि ज्या दिवशी डेटा लागतो त्या दिवशी नेमकी तीच फाइल नसते.

आधी हे बघा, मग बाकीचं

हार्ड डिस्कमधून खाटखाट किंवा घासल्यासारखा आवाज येत असेल, तर खालची एकही तपासणी करू नका. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा आणि थेट शेवटच्या भागात जा. फाइलींची नावं बदललेली दिसत असतील, प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी असेल, तर नेटची वायर लगेच काढा, पण मशीन फॉरमॅट करू नका. या दोन गोष्टी नसतील तर सावकाश पुढे वाचा. घाईचं काहीच नाही.

हिशोब कागदावर मांडा

निम्म्या तक्रारी इथेच मिटतात, म्हणून हा भाग टाळू नका. नेटवाला वेग सांगतो तो एमबीपीएसमध्ये, म्हणजे मेगाबिटमध्ये. फाइली मोजतो आपण मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये ८ बिट असतात, म्हणून नेटवाल्याच्या आकड्याला ८ने भागायचं. १०० एमबीपीएसची लाइन म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. प्रत्यक्षात ४०च्या आसपास धरा.

आता अपलोड. बऱ्याच जुन्या कनेक्शनवर डाउनलोड १०० असतो आणि अपलोड १० किंवा २०. बॅकअप चालतो अपलोडवर. तुमचा डेटा ३०० जीबी आणि अपलोड २० असेल, तर पहिला बॅकअप कागदावरच ३३ तासांचा आहे. खऱ्या परिस्थितीत दोन दिवस लागतील. म्हणजे तो अडकलेला नाही, चाललाय. तोच ३०० जीबी १०० एमबीपीएसच्या डाउनलोडने परत आणायचा तर कागदावर पावणेसात तास, प्रत्यक्षात आठ तास धरा.

हा आकडा कागदावर आला की मग तुलना करा. हिशोबापेक्षा दीडपट वेळ लागत असेल तर ठीक आहे. तिप्पट-चौपट लागत असेल, तर कुठेतरी खरंच चोंदलंय. केळीच्या बागेत ठिबकचं पाणी शेवटच्या झाडाला पोचत नसेल, तर आपण लगेच नवा पंप टाकत नाही. आधी फिल्टर उघडून बघतो, मग व्हॉल्व्ह, मग नळ्या. इथेही क्रम तोच.

१. मशीन झोपतंय का?

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच आहे, आणि दुरुस्तीला एक रुपया लागत नाही. ऑफिस आठला बंद होतं, बॅकअप रात्री अकराला लावलेला असतो, आणि विंडोज अर्ध्या तासात स्लीपमध्ये जातं. लॅपटॉप असेल तर झाकण लावलं की विषयच संपला. सेटिंग्जमध्ये पॉवर उघडा आणि चार्जिंगवर असताना स्लीप 'नेव्हर' करा. स्क्रीन बंद झाली तरी चालते, मशीन जागं राहिलं पाहिजे.

दुसरं, जाताना मेन स्विच पाडायची सवय. शॉर्टसर्किटच्या भीतीने पुष्कळ दुकानांत हे करतात, आणि ती भीती रास्तही आहे. मग बॅकअपची वेळच बदला. दुपारी दीड ते तीन, जेवणाच्या सुट्टीत, वेगावर मर्यादा लावून चालवा. रात्रीच बॅकअप घ्यावा असा काही नियम नाही.

२. प्रोग्रामच्या सेटिंग्ज

गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप प्रोग्राममध्ये अपलोड-डाउनलोडच्या वेगावर मर्यादा घालता येते. कुणीतरी कधीतरी ती घातलेली असते आणि विसरून गेलेला असतो. वनड्राइव्ह मीटर्ड कनेक्शनवर (म्हणजे जिथे डेटा जपून वापरायचा असं विंडोजला सांगितलेलं असतं) किंवा बॅटरी सेव्हर चालू असताना सिंक, म्हणजे फाइली क्लाउडशी आपोआप जुळवणं, थांबवतं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर एकदा काम केलं आणि विंडोजमध्ये 'मीटर्ड' चालू राहिलं, एवढंही पुरतं.

उलट, बॅकअपमुळे सगळ्यांचं नेट बसत असेल तर इथे मुद्दाम मर्यादा घाला. अपलोडची लाइन शंभर टक्के भरली की वेबसाइटला जाणाऱ्या छोट्या छोट्या विनंत्या रांगेत मागे पडतात, आणि डाउनलोड मोकळा असूनही पानं उघडत नाहीत. मोजलेल्या अपलोडच्या ७० ते ८० टक्क्यांवर बॅकअप बांधा. बॅकअप थोडा लांबतो, पण काउंटर चालू राहतो.

३. जागा संपली का?

गूगलच्या मोफत खात्यात १५ जीबी मिळतात, आणि त्यात ड्राइव्ह, जीमेल आणि फोटो तिघांचा वाटा असतो. वनड्राइव्हचं मोफत खातं ५ जीबीचं. घरच्या फोटोंनी ऑफिसची जागा खाल्ली, असं फार वेळा दिसतं. कचरापेटीतल्या फाइलीही जागेत मोजल्या जातात. ड्राइव्हची कचरापेटी ३० दिवसांनी आपोआप रिकामी होते, तोवर जागा अडलेलीच. आणि गूगलची जागा भरली की नुसता बॅकअप नाही, त्या पत्त्यावरचे ईमेलही यायचे थांबतात. म्हणून हे आधी बघा.

४. वायफाय सोडा, वायर लावा

ज्या मशीनवरून बॅकअप जातो ते वायफायवर असेल तर ते वायरवर आणा. बाजारपेठेतल्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झवर आजूबाजूच्या दहा-पंधरा दुकानांचे राउटर एकमेकांवर ओरडत असतात. व्हिडिओ बघताना हे जाणवत नाही, पण रात्रभर चालणाऱ्या अपलोडला जाणवतं.

वायर आहे, तरी वेग नाही? मग वायरच तपासा. एका दालमिलच्या ऑफिसात ३०० एमबीपीएसचा प्लॅन होता. राउटरजवळ उभं राहून मोबाइलवर टेस्ट केली की २८० यायचे, आणि सर्व्हरवर कितीही वेळा टेस्ट केली तरी ९४. पंच्याण्णव नाही, ऐंशी नाही, दर वेळी ९३-९४च. हा आकडा दिसला की मला पुढे काही विचारावं लागत नाही. १०० एमबीपीएसच्या नेटवर्क पोर्टवर टेस्ट केली की तेवढेच मिळतात. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, वायरच्या आतल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोन पुरतात. एक जोडी तुटली की दोन्हीकडची उपकरणं गुपचूप १००वर उतरतात आणि कुठलीच सूचना येत नाही. तिथे वायर कपाटाच्या पायाखाली दबलेली होती. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इथरनेटवर क्लिक केलं की लिंक स्पीड दिसतो. तिथे १०००च्या जागी १०० असेल तर वायर बदला, कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या. वायर बदलूनही १००च राहिला, तर मधला जुना स्विच किंवा राउटरचा पोर्टच १००चा असेल.

तुमचा प्लॅनच ५०चा असेल तर मात्र यामागे लागू नका. तिथे ही वायर आड येत नाही.

५. लाइन, लाईट आणि नेटवाला

स्पीड टेस्ट करताना बहुतेक जण डाउनलोडचा आकडा बघतात. तुम्ही अपलोडचा लिहून घ्या, आणि दोनदा: एकदा दुपारी, एकदा बॅकअपच्या वेळी. शिवाय स्पीड टेस्टचा सर्व्हर बऱ्याचदा नेटवाल्याच्याच नेटवर्कमध्ये असतो, त्यामुळे आकडा गोड येतो. खरी परीक्षा म्हणजे १ जीबीची एक फाइल त्याच क्लाउडवर चढवून घड्याळ लावायचं. २० एमबीपीएसला ती सात मिनिटांत गेली पाहिजे.

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातच वेग पडत असेल तर डेटाची मर्यादा तपासा. बऱ्याच फायबर प्लॅनना महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते, त्यानंतर वेग घसरतो. साध्या ऑफिसला ती पुष्कळ आहे. पण सीसीटीव्हीही क्लाउडवर जात असेल आणि पूर्ण बॅकअप रोज नव्याने चढत असेल, तर संपते.

खानदेशात लाईटचा विषय टाळून चालत नाही. इन्व्हर्टर कॉम्प्युटरला असतो, पण राउटर आणि फायबरचा डबा भिंतीवरच्या साध्या बोर्डाला लावलेला असतो. लाईट पाच सेकंद गेली तरी डबा बंद पडतो, परत उठायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि चालू अपलोड तुटतो. चांगला प्रोग्राम जिथे तुटला तिथून पुढे जातो. साधा प्रोग्राम ती फाइल पहिल्यापासून घेतो. ४० जीबीची एकच फाइल असेल आणि रात्रीतून तीनदा लाईट गेली, तर ती फाइल कधीच पूर्ण होणार नाही. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो लावा. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट बघून घ्या. १२ व्होल्टचा यूपीएस ९ व्होल्टच्या डब्याला लावला तर डबा जळतो.

फायबरच्या डब्यावर सिग्नल गेल्याचा लाल एलओएस दिवा लुकलुकत असेल तर पुढचं काही तपासू नका. लाइन तुटलेली आहे, नेटवाल्याला फोन करा. रस्त्याची खोदाई चालू असेल तिथे हे वरचेवर होतं. आपल्या हातात त्यावर एकच उपाय आहे: दुसऱ्या कंपनीचं एक स्वस्त कनेक्शन, आणि तेही शक्यतो दुसऱ्या खांबावरून आलेलं.

६. काय चढवताय ते बघा

माझा सर्वांत जास्त वेळ इथे जातो, आणि मोठा फरकही इथेच पडतो.

सावद्याच्या बाजूला केळीच्या व्यापाऱ्यांकडे प्रत्येक गाडीच्या काटा पावतीचा फोटो ठेवतात. एका फोल्डरमध्ये असे दोन लाख फोटो धरा, प्रत्येकी १०० केबीचा. एकूण झाले २० जीबी. २० एमबीपीएसच्या अपलोडला हे सव्वादोन तासांचं काम. पण प्रत्येक फाइलीमागे प्रोग्राम सर्व्हरला विचारतो, सर्व्हर उत्तर देतो, मग पुढची फाइल. सर्व्हर अमेरिकेत असेल तर ही एक फेरी साधारण २०० मिलिसेकंदांची. फाइलीमागे एकच फेरी धरली तरी दोन लाख फाइलींना ४०,००० सेकंद, म्हणजे ११ तास, नुसते विचारपूस करण्यात जातात. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सचं पान उघडून नेटवर्कचा आलेख बघा. छोट्या फाइलींचा त्रास असेल तर रेघ तळाशी सरपटताना दिसेल, मध्येच एखादं टोक वर जाईल आणि परत खाली. लाइन भरलेली असेल तर रेघ वर सपाट दिसेल. या एका चित्रावरून दोष तुमच्या लाइनमध्ये आहे की फाइलींच्या गर्दीत, हे कळतं.

यावर उपाय असा: मागच्या वर्षांच्या पावत्या आता बदलणार नाहीत, त्यांची महिनावार एकेक झिप करून ठेवा. दोन लाखांच्या जागी काही डझन फाइली होतात. चालू महिन्याचं फोल्डर तसंच राहू द्या. रोज बदलणाऱ्या डेटाची मात्र रोज नवी झिप करू नका. आत चार नोंदी बदलल्या तरी अख्खी झिप नवीन होते आणि सगळी पुन्हा चढते. 'दहा व्हाउचर, पन्नास जीबी' या लक्षणामागे बहुतेक वेळा हेच असतं. दुसरा गुन्हेगार आउटलुकची पीएसटी फाइल, जिच्यात सगळे ईमेल साठतात. आउटलुक नुसतं उघडलं तरी ती बदलते, आणि ज्या प्रोग्रामला फाइलीचा फक्त बदललेला तुकडा पाठवता येत नाही तो रोज पूर्ण फाइल पाठवतो. बॅकअप प्रोग्राममध्ये 'इन्क्रिमेंटल' किंवा 'ब्लॉक लेव्हल' असा पर्याय असेल तर तो चालू करा. नसेल तर प्रोग्राम बदलण्याचा विचार करा, नेटचा प्लॅन बदलण्याचा नाही.

टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरबद्दल वेगळं सांगतो, कारण आपल्याकडे सगळं त्याच्यावर चालतं. टॅलीचं डेटा फोल्डर थेट ड्राइव्हच्या सिंक फोल्डरमध्ये ठेवून त्यावर काम करू नका. टॅली फाइल लिहीत असते, सिंक ती उचलू बघतं, आणि दोघांच्या ओढाताणीत एखाद्या दिवशी डेटा बिघडतो. दोन मशीनवर तेच फोल्डर सिंक असेल तर बिघडणारच. टॅली प्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू येतो, त्यात बॅकअप आहे. संध्याकाळी सगळ्यांनी कंपनी बंद केल्यावर तो बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये घ्या आणि फक्त ते फोल्डर क्लाउडवर जाऊ द्या. लॅब किंवा हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर एसक्यूएल डेटाबेसवर चालत असेल तर तेच तत्त्व: चालू डेटाबेसची फाइल उचलून उपयोग नाही, आधी सॉफ्टवेअरमधूनच बॅकअप फाइल काढायची आणि ती चढवायची. 'काही फाइली वगळल्या' या ओळीमागे नव्वद टक्के वेळा उघड्या राहिलेल्या अशाच फाइली असतात. तो रिपोर्ट महिन्यातून एकदा तरी उघडून नावं वाचा.

अँटीव्हायरस प्रत्येक फाइल उघडून बघतो, त्यामुळे लाखो फाइलींच्या रिस्टोअरमध्ये तोही वेळ खातो. अँटीव्हायरस बंद करू नका. फक्त बॅकअप प्रोग्रामला अपवादात टाका, आणि रिस्टोअर संपल्यावर अपवाद काढून पूर्ण स्कॅन करा.

आणि लग्नाचे व्हिडिओ, सिनेमे, डाउनलोड फोल्डर बॅकअपमधून काढा. घरच्या आठवणी जपाव्यात, पण वेगळ्या खात्यावर.

७. सर्व्हर कुठे आहे?

खातं उघडताना रिजन, म्हणजे सर्व्हर कुठल्या भागातला हवा ते, विचारतात आणि घाईत पहिलाच पर्याय निवडला जातो, तो बहुधा अमेरिकेचा. ॲमेझॉनचं केंद्र मुंबईत २०१६पासून आणि हैदराबादेत २०२२पासून आहे. मायक्रोसॉफ्टचं पुण्यात २०१५पासून, गूगल क्लाउडचं मुंबईत २०१७पासून आणि दिल्लीत २०२१पासून. जळगावहून मुंबईची फेरी २५ मिलिसेकंदांत झाली, तर वरच्या दोन लाख फोटोंचे ११ तास दीड तासाच्या आत येतात. लाइन तीच, फाइली त्याच.

एकदा निवडलेला रिजन त्या साठ्यासाठी सहसा बदलता येत नाही. भारतातल्या रिजनमध्ये नवा साठा करून डेटा तिकडे कॉपी करावा लागतो, आणि बाहेर काढलेल्या डेटाचे पैसे लागतात. म्हणून ही तपासणी खर्चाच्या बाजूची आहे. लगेच हलवणं जमत नसेल तर प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या अपलोडची संख्या वाढवून बघा, एकाच्या जागी चार किंवा आठ. लांबच्या सर्व्हरवर याचा फरक लगेच दिसतो.

तुमची नोंदणी कंपनी म्हणून असेल तर यात कायद्याचाही प्रश्न आहे. कंपन्यांच्या लेखा नियमांत ऑगस्ट २०२२मध्ये दुरुस्ती झाली. तिच्यानुसार इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा लागतो. आपल्या सीएंना विचारून खात्री करा.

८. रिस्टोअर सुरूच होत नाही

इथे बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. डेटा 'आर्काइव्ह' या, क्वचित लागणाऱ्या फाइलींसाठीच्या, स्वस्त प्रकारात ठेवलेला असतो. ॲमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हमधून डेटा मागितला की साध्या मागणीला १२ तासांपर्यंत आणि सर्वांत स्वस्त मागणीला ४८ तासांपर्यंत वाट बघावी लागते, आणि त्यानंतर डाउनलोड सुरू होतं. मायक्रोसॉफ्ट अझूरच्या आर्काइव्हला साध्या मागणीत १५ तासांपर्यंत लागतात. कुणीतरी बिल कमी करायला हा प्रकार लावून दिलेला असतो, आणि मालकाला ते डेटा गेल्याच्या दिवशी कळतं.

आर्काइव्ह वाईट नाही. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपाव्या लागतात, त्या तिथेच शोभतात. चालू वर्षाचा डेटा मात्र तिथे ठेवू नका.

९. उतरवताय ती डिस्क

रिस्टोअर जोरात सुरू होऊन कोसळत असेल तर संशय डिस्कवर घ्या. बऱ्याच स्वस्त एक्स्टर्नल ड्राइव्ह सुरुवातीचा काही डेटा भराभर घेतात, आणि आतली राखीव जागा भरली की वेग एकदम पडतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के आणि नेटवर्क रिकामं दिसलं, की दोष नेटचा नाही. शक्यतो मशीनमधल्या एसएसडीवर उतरवा, मग सावकाश हलवा. यूएसबी २चा पोर्ट सेकंदाला साधारण ३५ मेगाबाइट देतो. तुमचं नेट १००चं असेल तर तो आड येत नाही, ३००च्या पुढचं असेल तरच येतो.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम डिस्कची तब्येत दाखवतो. तिथे 'कॉशन' दिसलं, किंवा पेंडिंग सेक्टरचा (डिस्कला नीट वाचता न आलेल्या जागांचा) आकडा शून्याच्या वर असेल, तर त्या डिस्कवर काहीही उतरवू नका. तापमानही तिथेच दिसतं. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात बंद केबिनमध्ये डिस्क पन्नासच्या वर सहज जाते. मग झाकण उघडं ठेवून पंखा लावा, नाहीतर मोठं रिस्टोअर पहाटे करा.

रिस्टोअर नेहमी नव्या फोल्डरमध्ये करा, जुन्यावर नाही. त्याआधी सिंक थांबवा. नाहीतर बिघडलेल्या फाइली क्लाउडवरच्या चांगल्या फाइलींवर चढतील. ड्राइव्हवर साध्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंतच राहतात, म्हणून नुसत्या सिंकला बॅकअप समजू नका. आणि सगळं एकदम मागवू नका. आधी टॅली किंवा बिलिंग, मग या महिन्याच्या फाइली, मग बाकीचं. ३०० जीबीतले पहिले ५ जीबी आले की दुकान उघडतं.

हे जमतंय का ते संकटाआधी बघायचं. तीन महिन्यांतून एकदा टॅलीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उतरवा, कंपनी उघडा, शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते बघा आणि लागलेला वेळ लिहून ठेवा. वेळ परवडत नसेल तर ऑफिसातच एक डिस्क ठेवा, बॅकअप झाल्यावर काढून कपाटात ठेवायची. मोठं रिस्टोअर तिच्यावरून काही तासांत होतं, आणि आग-चोरीसाठी क्लाउड आहेच.

कधी थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

डिस्क आवाज करत असेल किंवा विंडोजला दिसत नसेल: वीज बंद. रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवू नका, डिस्क उघडू नका, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. मरणाऱ्या डिस्कवर प्रत्येक चालू-बंद म्हणजे आणखी थोडा डेटा गेला. क्लाउडवर सगळं असेल तर डिस्क सोडून द्या. नसेल तर थेट डेटा रिकव्हरी लॅबकडे द्या.

खंडणीचा व्हायरस, म्हणजे फाइली अडकवून पैसे मागणारा, असेल: मशीन नेटवरून तोडा, दुसऱ्या मशीनवरून क्लाउडचा पासवर्ड बदला, १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. कंपन्या-संस्थांना सीईआरटी-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला ६ तासांत कळवावं लागतं. व्हायरस आत कधी शिरला हे जाणकाराने शोधेपर्यंत रिस्टोअर करू नका. नाहीतर तोच परत येतो.

बॅकअपची एन्क्रिप्शन की, म्हणजे कुलूपबंद डेटा उघडायची किल्ली, हरवली असेल: काही कंपन्यांकडे ती नसतेच, त्यामुळे त्याही उघडू शकत नाहीत. 'काढून देतो' म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका. ऑफिसमधलं कुठलंही मशीन अजून त्या खात्यात चालू असेल तर ते बंद न करता बॅकअप कंपनीशी बोला.

एसक्यूएल डेटाबेस रिस्टोअर होऊनही उघडत नसेल, किंवा टॅली डेटा दुरुस्त करायला सांगत असेल: आधी त्या फोल्डरची कॉपी करा, मग सॉफ्टवेअरवाल्याला बोलवा. मूळ कॉपीवर दुरुस्तीचं बटण दाबू नका.

वरच्या सगळ्या तपासण्या होऊनही वेग हिशोबाच्या तिसऱ्या भागाइतकाच असेल, तर फोन करण्याआधी एका कागदावर एवढं लिहून ठेवा: एकूण डेटा किती जीबी, फाइली किती, मोजलेला अपलोड आणि डाउनलोड, लिंक स्पीड, सर्व्हरचा रिजन, साठ्याचा प्रकार आणि एररचा स्क्रीनशॉट. ज्याला बोलवाल त्याचा पहिला तास हीच माहिती गोळा करण्यात जातो, आणि त्या तासाचे पैसे तुम्हीच देता.